कर्ण्याचं तोंड

म्हसावदची गजरा मिरच्या तोडताना गायची, तेव्हा शेजारच्या वावरात लोटन काम सोडून ऐकायचा. ती लग्न होऊन सुरतेला गेली आणि लोटनला पाखरंसुद्धा बेसूर वाटू लागली.

सेहेचाळीस साली ती नामांकित गायिका होऊन गावात गायला आली. गावच्या रतनलालशेठने नंदुरबारहून लाउडस्पीकर आणवला. कर्णा लोकांकडे तोंड करून ठेवला होता. शेठने तो अदबीने गजराकडे वळवला. म्हणाले, "पाव्हनीले कोन्ही पाठ दखाडस का?"

तिने माइकपुढे सूर लावला आणि समोरचा कर्णा असा किंचाळला की बैल दावी तोडून पळाले. ती थांबली की तो थांबे, ती गायली की तो किंचाळे. सुरतेत असंच गात असतील, असं समजून लोकांनी वन्समोर दिला.

लोटन उठला. "शेट, मशीन बंद करा. मले तिन्हा आवाज ऐकना शे."

"बस खाले. तिन्हा आवाज तू पयले ऐकेल शे. मशीनना आम्ही आजच ऐकी ऱ्हायनूत."

गाणं संपलं तेव्हा तिचा गळा पार बसला होता. परतीच्या गाडीपाशी उभ्या लोटनला ती घोगऱ्या आवाजात म्हणाली, "लोटनभाऊ, पानी शे का?"

लोटनने तांब्या दिला आणि ती पुन्हा मागेल म्हणून घागर घेऊन उभा राहिला.