प्रश्न विचारण्यास हरकत नाही

पहिल्या दिवशी तिला गळ्यात घालायला पिवळं कार्ड मिळालं. पुढे फोटो आणि 'निरीक्षक' हा शब्द, मागे चार ओळी. रुग्णाला हात लावू नये. तपासणी वा औषध सुचवू नये. केसपेपरवर लिहू नये. प्रश्न विचारण्यास हरकत नाही.

मायदेशी ती अकरा वर्षं मुलांची डॉक्टर होती. इथल्या दोन्ही परीक्षा ती पास झाली होती, पदवीची पडताळणीही झाली होती. नोंदणी आणि प्रशिक्षणाची जागा, दोन्हींसाठी आता एकच कागद कमी होता: इथल्या वरिष्ठ डॉक्टरचं शिफारसपत्र. ते मिळावं म्हणून सहा आठवडे वॉर्डात बिनपगारी उभं राहायचं. अर्जाची मुदत सहाव्या आठवड्यानंतरच्या सोमवारी संपत होती. परीक्षेचा निकाल दोनच वर्षं चालतो, त्यातले एकवीस महिने गेले होते. ही फेरी हुकली की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

ती नवऱ्यासह नणंदेच्या घरी, वरच्या खोलीत राहत होती. नणंद कपडे दुरुस्तीचं दुकान चालवायची आणि तिची जीभ कात्रीइतकीच चालायची. एवढी शिकलेली डॉक्टर हात मागे बांधून उभी राहते म्हटल्यावर ती म्हणाली, "ते तर आमचे हे घरी फुकट करतात."

शेवटच्या आठवड्यात, बुधवारी दुपारी, तिसऱ्या खाटेवर चार वर्षांची मुलगी आली. दोन दिवस उलट्या, पोटात दुखणं, ओठ कोरडे. निवासी डॉक्टरने पोटाचा संसर्ग लिहिला, सलाईन लावलं, रक्त लॅबला पाठवलं आणि तो पुढच्या खाटेकडे वळला. तरुण होता, हुशार होता आणि त्या दुपारी त्याच्याकडे नऊ मुलं होती.

ती खाटेच्या पायथ्याशी उभी होती. पळून आल्यासारखा मुलीचा श्वास खोल आणि भरभर चालला होता. आई ओशाळून सांगत होती की पोरीने सकाळपासून तीनदा चादर ओली केली. अंगातलं पाणी आटलेलं मूल लघवी कमी करतं. हे उलटं होतं.

तिने निवासी डॉक्टरला बाजूला गाठून विचारलं, हे साखरेचं असू शकेल का? तो शांतपणे म्हणाला की रिपोर्ट आला की कळेलच. रिपोर्टला दोन तास होते. वॉर्डाच्या प्रमुख, पत्र देणाऱ्या मोठ्या मॅडम दुसऱ्या इमारतीत बैठकीला होत्या, त्यांचा फोन बंद. तिने कार्ड उलटून मागची बाजू वाचली आणि सिस्टरकडे गेली.

"सिस्टर, बोटातून रक्त घेऊन साखर कशी बघतात, ते दाखवाल का मला?"

सिस्टरची नोकरी वीस वर्षांची. तिने चष्म्यावरून पाहिलं. "तुम्हाला?"

"इथलं मशीन मी कधी हाताळलेलं नाही."

"आणि दाखवू कोणावर?"

"तिसऱ्या खाटेवरची जागी आहे."

सिस्टर ट्रे घेऊन निघाली. आईला विचारून तिने मुलीच्या बोटाला सुई टोचली. मशीनवर आकडा आलाच नाही, नुसतं 'हाय' आलं. साखर मशीनला मोजता येण्यापलीकडे गेली होती. निवासी डॉक्टर धावत आला, आणि दहा मिनिटांत मुलगी अतिदक्षता विभागात होती. खाट ढकलताना सगळ्यांचे हात लागले. तिचे तेवढे मागे होते.

शुक्रवारी मोठ्या मॅडमनी तिला खोलीत बोलावलं. समोर निवासी डॉक्टरने भरलेला अभिप्राय होता. त्याने पाहिलं-ऐकलं तसंच लिहिलं होतं: साखरेची साधी तपासणीही परिचारिकेकडून शिकावी लागली, मूलभूत कौशल्यं कमी.

"हे खरं आहे?"

खुलासा करायचा तर नियमाला वळसा घातल्याची कबुली द्यावी लागणार होती, आणि वर त्या तरुण डॉक्टरचं नाव घ्यावं लागणार होतं. "दाखवा असं मी म्हटलं होतं, हे खरं आहे," ती म्हणाली.

"अकरा वर्षांत किती वेळा केली होतीत?"

"मोजलेलं नाही."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. सिस्टर सकाळीच येऊन गेल्याचं त्यांनी सांगितलं. सिस्टरचं म्हणणं असं की शिकणारा माणूस सुईकडे बघतो, या बाई पोरीच्या छातीकडे बघत होत्या. मग त्यांनी हात पुढे करून कार्ड मागितलं, चारही ओळी वाचल्या, परत दिलं आणि पत्र लिहायला घेतलं.

बाहेर निवासी डॉक्टर उभा होता; सिस्टरने त्यालाही गाठलं होतं. मुलगी आज उठून बसली होती, हे त्यानेच सांगितलं. मग म्हणाला, "मॅडम, मला सरळ सांगायचंत ना."

"विचारलं होतं," ती म्हणाली. "तुमच्याकडे नऊ मुलं होती."

आपला अभिप्राय परत मागायला तो मॅडमच्या खोलीत शिरला.

संध्याकाळी तिने पत्र अर्जाला जोडून पाठवलं. मुदतीला तीन दिवस शिल्लक होते. जागा मिळेल की नाही ते मुलाखतीनंतर कळणार होतं, पण अर्ज गेला होता. नणंद शिवणयंत्रावरून उठून आली आणि मॅडमनी काय लिहिलं ते वाचून दाखव म्हणाली. पत्र जेमतेम पाच ओळींचं होतं. तिने शेवटची वाचली: या योग्य वेळी योग्य प्रश्न विचारतात.

"एवढंच?" नणंद म्हणाली. "हे तर आम्ही तुझ्या लग्नापासून भोगतोय."