आधी वर, मग घरी

दादांच्या थोरल्या लेकीला जुळं झालं, त्या वर्षीची ही गोष्ट. नातवंडं दवाखान्यातून घरी आली, त्याच आठवड्यात कारखान्यात ड्रोन आला. बायको म्हणाली, "घरात दोन आली, तिकडे एक आलं. तिघंही भूक लागली की रडतात. तुम्ही नक्की कुणाला सांभाळणार ते आधी ठरवा."

कारखान्यात त्यांना सगळे 'वरचे दादा' म्हणत. छपरावरचे पत्रे बदलणं, गळती बुजवणं हे त्यांचं काम. नवा माणूस गळतीची तक्रार घेऊन आला की लोक सांगायचे, "वरच्यांना विचारा." तो बिचारा आभाळाकडे बघायचा आणि सगळे खो खो हसायचे. आता दादा साठीला टेकले होते. शिडीची पहिली पायरी चढली की गुडघे कुरकुर करायचे आणि दहावीला शिव्या द्यायचे.

छपराची पाहणी माणूस न चढवता व्हावी म्हणून ड्रोन आणला होता. तो शिकवायला जो इंजिनिअर होता, त्याची एक ना एक वस्तू कुठेतरी कायम चार्जिंगला लावलेली असे, म्हणून लोक त्याला चार्जरसाहेब म्हणत. त्याने विचारलं, "कोण शिकणार?" तेव्हा तरण्या पोरांच्या आधी दादांचा हात वर गेला.

"दादा, आधी चष्मा शोधा," कुणीतरी ओरडलं.

दादा हसले नाहीत. त्यांना खेळायचं नव्हतं. छपरावर पुन्हा कुणाचा पाय पडू नये, एवढंच त्यांना हवं होतं.

त्याचं कारण सांगायला हवं. सिमेंटचा पत्रा आडव्या लोखंडी पट्ट्यांवर बसतो आणि बोल्टने त्या पट्टीला आवळलेला असतो. म्हणून वर चालणाऱ्याला एकच नियम: बोल्टांच्या ओळीवरच पाय ठेवायचा. ओळीखाली लोखंड असतं. ओळ सोडली की पायाखाली नुसता जुना पत्रा, बिस्किटासारखा. हा नियम दादांनी स्वतः धाकट्या भावाला शिकवला होता. आणि सतरा वर्षांपूर्वी तोच भाऊ तीन नंबरच्या छपरावरून पत्रा फुटून खाली पडला. दादा तेव्हा एक नंबरच्या छपरावर होते. ते उतरून पोचेपर्यंत काही उरलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी दादा स्मशानात असताना दुसऱ्याच माणसांनी भोकावर नवा पत्रा बसवून टाकला. त्यानंतर दादांनी तीन नंबरच्या त्या भागात कधी पाय ठेवला नाही.

तेव्हाच्या छोट्या साहेबांनी एक फॉर्म पुढे केला होता. "नुकसानभरपाईसाठी लागतो," म्हणाले. दादांना तेव्हा अक्षरओळख नव्हती. त्यांनी अंगठा उठवला. त्या फॉर्मची एक प्रत भावजयीच्या डब्यात पडून राहिली. चार वर्षांनी पुतणी वाचायला शिकली, तेव्हा दिसेल तो कागद ती मोठ्याने वाचत सुटायची. एक दिवस तिने तो काढला.

"काका, इथे लिहिलंय, कारण, बोल्टांची ओळ सोडून चालणे, कामगाराचा निष्काळजीपणा. निष्काळजीपणा म्हणजे काय? आणि हा अंगठा कुणाचा?"

दुसऱ्या दिवसापासून दादा त्या नऊ वर्षांच्या पोरीसमोर पाटी घेऊन बसले. 'क'चं पोट वळवताना बोटं दुखायची. हातोडी धरणाऱ्या हाताला पेन्सिल पेलत नसे. पोर म्हणायची, "काका, अक्षर ठोकू नका, काढा."

वाचायला आलं, पण एक गोष्ट गेली नाही. ते भावावर चिडलेलेच राहिले. एवढं सांगितलं होतं, शंभरदा सांगितलं होतं, तरी ओळ का सोडलीस? जेवताना, अंघोळ करताना, एकट्याने चालताना ते मेलेल्या माणसाशी भांडायचे. बायको म्हणायची, "तो उत्तर देणार आहे का? मग कशाला विचारता?"

तर ड्रोन. चार्जरसाहेबांनी मैदानात चार दिवस शिकवलं. रिमोटच्या दोन दांड्या, मधोमध स्क्रीन, आणि एका बटणावर घराचं चित्र.

"हे घराचं बटण दादा. गडबडलात तर हे दाबा. नाही दाबलंत तरी बॅटरी संपत आली की ते आपलं आपण घरी येतं. जिथून उडवलं तिथेच येऊन बसतं."

"आदळलं तर?"

"याला आदळता येतच नाही. सगळं सेट करून ठेवलंय. तुम्ही सेटिंगला हात लावू नका म्हणजे झालं."

दादांनी हात लावला नाही. सांगितलेलं ऐकायची सवय अंगात मुरलेली होती.

पाचव्या दिवशी तीन नंबरच्या गळतीची तक्रार आली. तिथे माल उतरवतात. तीन बाजूंनी उघडं, साठ पावलं लांब आणि चांगलंच उंच छप्पर. खाली गोणी शिवणारी आक्का बसते. तिनेच निरोप धाडला होता, की डोक्यावर टपटप होतंय, वरच्यांना म्हणावं एकदा खाली बघा.

दादांनी बाहेर मोकळ्यावरून ड्रोन उडवला आणि हळूहळू कडेने छपराखाली घेतला. आक्काने सुई थांबवली. "हे माझ्या अंगावर पडलं तर मी तुमच्या घरी येऊन पडेन, सांगून ठेवते."

"ते पडत नाही," दादा म्हणाले. शिकवलेलंच बोलले.

गळकी जागा सापडली. पण शेजारीच तो पत्रा होता. बाकीच्यांपेक्षा थोडा उजळ, सतरा वर्षांत काळा पडूनही ओळखू येणारा. दादांनी तो खालून कधी बघितला नव्हता. खालून बघायचं म्हटलं तरी मध्ये जाड पाइप होता आणि वर अंधार. आता ड्रोनचा दिवा लागलेला. दादांनी दांडी हलकेच पुढे केली आणि पाइपाच्या वरच्या बाजूला नजर नेली.

तिथे पट्टी नव्हती.

दोन्ही बाजूंनी पट्टी येत होती आणि पाइपापाशी कापलेली होती. कापलेल्या टोकांना बाकीच्या लोखंडासारखाच जुना गंज होता. मधल्या जागेत शेजारच्या जुन्या पत्र्यालाही बोल्ट होते. एका ओळीत, नीट, सरळ. फक्त ते कशालाच आवळलेले नव्हते. खालून वॉशर लावून नुसते पत्र्यात अडकवलेले. पाणी गळू नये म्हणून. वरून बघणाऱ्याला ओळ पूर्ण दिसावी म्हणून.

रिमोट पहिल्यांदा वाजला. बॅटरीची शिट्टी. दादांना ती ऐकू आली, पण डोळे स्क्रीनवरून हलेनात. त्याने ओळ सोडलीच नव्हती. तो ओळीवरच चालत होता. मी शिकवलेल्या ओळीवर.

रिमोट दुसऱ्यांदा वाजला. स्क्रीनवर घराचं चित्र आलं, खाली परक्या अक्षरांत एक ओळ, आणि आकडे उतरू लागले. दहा, नऊ, आठ. आकडे दादांना कळत होते. ओळ कळली नाही. त्यांना वाटलं, घर दिसतंय म्हणजे घरी येणार, येऊ दे.

शून्य झालं आणि ड्रोन घरी आला नाही. सरळ वर गेला. दादांनी दांडी खाली ओढली, पुन्हा ओढली. ड्रोनने ऐकलं नाही. तो पत्र्याला धडकला, पाती कडाकड मोडली, आणि आक्कापासून हातभर अंतरावर गोण्यांच्या थप्पीवर येऊन आपटला.

"मेल्यांनो, मारता का मला!" आक्का सुईसकट उठली. मग दादांचा चेहरा बघून तिने सुई खाली केली. तिने तो चेहरा सतरा वर्षांपूर्वी याच जागी बघितला होता.

तासाभरात दादा ऑफिसात उभे होते. तेव्हाचे छोटे साहेब आता मोठे साहेब झाले होते. टेबलावर मोडका ड्रोन, बाजूला चार्जरसाहेब मान खाली घालून. आणि समोर तोच फॉर्म. तोच नमुना, तेच रकाने, कागद तेवढा पांढरा.

"लिहा," मोठे साहेब चार्जरसाहेबांना म्हणाले. "कारण, चालकाचा निष्काळजीपणा. दादा, इथे सही करा. घाबरू नका, तुमच्या नोकरीला धक्का लागणार नाही. ड्रोन कपाटात टाकू, विषय संपला."

"मग छप्पर कोण बघणार?"

"आजवर कोण बघत होतं? पोरं चढतील."

दादांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण आवाज चढला नाही. त्यांनी चार्जरसाहेबांकडे तोंड वळवलं.

"साहेब, ते वर का गेलं?"

चार्जरसाहेब घसा खाकरून म्हणाले, "घरी येताना ते आधी वर चढतं. वाटेत काही लागू नये म्हणून. आपली पाण्याची टाकी उंच आहे ना, म्हणून मी चाळीस मीटर उंची टाकून ठेवली होती. चाळीस मीटर वर, मग घरी."

"आणि छपराखाली असलं तर?"

"तरी वरच जातं. त्याला वरचं दिसत नाही. पुढचं दिसतं, खालचं दिसतं."

"हे मला कधी सांगणार होतात?"

"पुस्तकात आहे दादा."

"पुस्तक कुठल्या अक्षरांत आहे?"

चार्जरसाहेब हळूच म्हणाले, "आकडे उतरत होते तेव्हा ते थांबवता आलं असतं. ओळीत तेच लिहिलेलं असतं."

"म्हणजे माणूस मरायच्या आधी यंत्र त्याला सांगून ठेवतं," दादा म्हणाले, "फक्त त्याला वाचता येणार नाही अशा भाषेत. छान आहे. आमच्या इथे ही पद्धत जुनीच आहे."

"दादा, तोंड सांभाळा," मोठे साहेब म्हणाले.

"सतरा वर्षं सांभाळलं. आता ड्रोनने टिपलेलं चित्र लावा."

ड्रोन मोडला होता, पण चित्रं साठवणारं कार्ड शाबूत होतं. चार्जरसाहेबांनी ते काढून कॉम्प्युटरला लावलं. पाइप आला, उजळ पत्रा आला, कापलेली पट्टी आली. कशालाच न धरलेले बोल्ट एका ओळीत आले.

मोठे साहेब वैतागले. "त्यात काय एवढं? पाइप टाकायचा होता, आड येत होती म्हणून पट्टी कापली. नंतर दुसरी टाकायची राहून गेली, त्याच वर्षी तर तो..." आणि ते थांबले.



"तुम्हाला माहीत होतं," दादा म्हणाले.

"दादा, जुनी गोष्ट आहे."

"तुम्हाला माहीत होतं, आणि तुम्ही मला अंगठा उठवायला लावलात. माझा भाऊ ओळीवर चालत होता आणि मी सतरा वर्षं त्याला शिव्या घालत होतो. तुमची शिवी मी त्याला घालत होतो!" आता मात्र आवाज चढला. बाहेरची टायपिंगची टकटक बंद पडली. "त्याच्या पोरीने नवव्या वर्षी वाचलं की तिचा बाप निष्काळजी होता. तिच्याच तोंडून मी ऐकलं. तिला काय सांगू मी? राहून गेली?"

"आवाज खाली. बसा आधी."

"बसतोच. फॉर्म इकडे द्या. पेनही द्या."

"सही इथे खाली..."

"सही शेवटी. आधी मी लिहिणार."

दादा खुर्चीत बसले. पाऊण तास लागला. मोठे साहेब दोनदा बाहेर जाऊन आले, एकदा फोनवर बोलले, एकदा म्हणाले, "एवढं लांब कशाला?" दादांनी मान वर केली नाही. अक्षरं मोठी येत होती, रकान्यात मावत नव्हती, म्हणून ते कागदाच्या कडेने लिहीत गेले. चार्जरसाहेबांनी न सांगता दुसरा कागद सरकवला.

कारण या रकान्यात दादांनी लिहिलं:

पहिली शिट्टी वाजली तेव्हा मी ड्रोन परत आणायला हवा होता. आणला नाही. ही चूक माझी. घरी जाताना ड्रोन आधी चाळीस मीटर वर चढतो, हे मला कोणी सांगितलं नाही. सूचना मला वाचता येईल अशी नव्हती. छपराखाली उडवायचा असेल तर ती उंची आधी बदलावी, आणि थांबवायचं बटण कुठलं ते शिकवल्याशिवाय रिमोट कुणाच्या हातात देऊ नये. ड्रोन दुरुस्त करून वापरावा. तीन नंबरच्या छपरावर कापलेली पट्टी बसेपर्यंत कुणालाही चढवू नये. तिथले बोल्ट खोटे आहेत.

चार्जरसाहेबांनी वाचलं. "दादा, 'उंची मी टाकली होती' हेही लिहा."

"तुमचं तुम्ही लिहा. माझं अक्षर मला पुरत नाही."

त्यांनी लिहिलं आणि खाली सही केली. मोठे साहेब त्यांच्याकडे बघत राहिले. बघण्यात धमकी होती, पण चार्जरसाहेबांनी पेनाचं टोपण लावलं आणि कार्डावरच्या चित्रांची एक प्रत दादांच्या पुतणीच्या ईमेल पत्त्यावर पाठवली. सगळ्यांसमोर, एकेक अक्षर मोठ्याने विचारत.

फॉर्मच्या तळाशी एक रकाना उरला होता. यापूर्वी याच जागी अपघात झाला आहे का?

"नाही लिहा," मोठे साहेब म्हणाले. सवयीनेच म्हणाले असावेत.

दादांनी पेन घट्ट धरलं. अक्षर ठोकायचं नाही, काढायचं, हे त्यांना आठवत होतं, पण या वेळी ते ठोकूनच आलं. कागदाला मागून वळ उठले. त्यांनी लिहिलं:

होय. माझा धाकटा भाऊ, पत्रे बसवणारा, वय एकतीस. बोल्टांच्या ओळीवरून चालत असताना पत्रा फुटून खाली पडला आणि जागीच वारला. त्याच्या मुलीचा पाचवा वाढदिवस बुधवारी होता. तो मंगळवारी वारला, सकाळी अकरा वाजता.