चार टोकं

वकिलांनी पिशवीतून पांढरी चादर काढली आणि कोर्टाच्या व्हरांड्यातल्या बाकावर बसलेल्या थोरलीच्या मांडीवर ठेवली.

"आत गेल्यावर हिची घडी घालायची. घालताना पडली, तर पडू द्यायची. सावरायला जायचं नाही."

थोरलीने डाव्या हाताने चादर उलटीपालटी केली. तिचं निम्मं आयुष्य लाँड्रीत इस्पितळांच्या आणि हॉटेलांच्या चादरींमध्ये गेलं होतं. नजर आधी कडांवर गेली.

"इस्त्री कुणी केली?"

"मीच."

"दिसतंय."

वकिलांनी ते मनावर घेतलं नाही. त्यांच्या कोटाचं मधलं बटण तुटलं होतं आणि ते परत आलंय का, हे ते अधूनमधून चाचपून बघत. जखमी कामगारांच्याच केसेस घेत असल्यामुळे बटण लवकर परत यायची चिन्हं नव्हती.

"पण धुतलेली चादर खाली पाडायची म्हणजे..."

"मुद्दाम नाही हो बाई. पडेल तशी."

थोरलीने उजवा हात शालीखाली घेतला. इस्त्रीच्या तापलेल्या रुळांत तो चादरीसोबत मनगटापर्यंत गेला होता. जखमा भरल्या, वर गुळगुळीत कातडी आली, पण मूठ वळेना. बोटं फणीच्या दातांसारखी ताठ राहिली. कंपनी म्हणत होती, हात बरा आहे. बाई कामावर परत आली, जोडीदारणीबरोबर पूर्वीइतक्याच घड्या घालते, मग भरपाई कसली? थोरली म्हणत होती, माझी बाजू जोडीदारीण सांभाळते. म्हणून कंपनीने त्या जोडीदारणीलाच साक्षीला आणलं होतं. आज निकाल कंपनीच्या बाजूने लागला, तर हात कायद्याने बरा होणार होता. मग तो कसाही असो.

जोडीदारीण म्हणजे थोरलीची धाकटी जाऊ. ती समोरच्या बाकावर कंपनीच्या मॅनेजरशेजारी अंग चोरून बसली होती. दोघी एकाच घरातून, एकाच बसने आल्या होत्या. एक पुढे बसून, एक मागे बसून. साक्षीचं समन्स आल्यापासून धाकटी थोरलीशी थेट बोलत नव्हती. मीठ संपलं की डब्याला सांगायची, उशीर झाला की चपलांना. थोरलीही काही कमी नव्हती. ती झाडूला उत्तर द्यायची.

पुकारा झाला.

आतली खोली लहान होती आणि पंखा मोठा होता. कागद उडू नयेत म्हणून न्यायाधीशसाहेबांनी दोन्ही कोपरं टेबलावर रोवली होती. आधी धाकटी उभी राहिली. कंपनीचे वकील इतकं गोड बोलत की ऐकणाऱ्याला पाणी प्यावंसं वाटे.

"जाऊबाईंचा हात कसा आहे?"

"चांगला आहे."

"त्यांच्या वाटचं काम तुम्ही करता, असं त्या म्हणतात."

"मी कशाला करू? माझं मलाच आवरेना." धाकटीने मॅनेजरकडे पाहिलं आणि केस कानामागे सारले. "ती तिची टोकं धरते, मी माझी."

धाकटी खोटं बोलताना कानामागे केस सारते, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. कोर्टात ठाऊक नव्हतं, एवढंच.

थोरलीला राग येईना. धाकट्या दिराचं काम सुटल्यापासून त्या दोघांचा संसार धाकटीच्याच पगारावर चालत होता, आणि मॅनेजर आज खोलीत बसला होता. राग येता तर बरं झालं असतं, निदान कुठे बघायचं ते कळलं असतं.

वकिलांनी चादर पुढे केली. "साहेब, एकदा घडी घालून बघू द्या."

"दुसरीकडून कोण धरणार?"

वकिलांनी शिपायाकडे पाहिलं.

"चादरी माझ्या कामात बसत नाहीत," शिपाई भिंतीला म्हणाला.

"साक्षीदार उभ्याच आहेत," साहेब म्हणाले. "त्या धरतील."

दोघी टेबलापुढे समोरासमोर आल्या. थोरलीने एक टोक डाव्या मुठीत पकडलं, दुसरं उजव्या बोटांच्या बेचक्यात अडकवलं. धाकटीने आपली दोन टोकं उचलली. एकमेकींकडे न बघता दोघींनी चादर ताणली, एक हिसडा दिला. आवाज झाला तसे कंपनीचे वकील दचकले.

मग टोकाला टोक लावायची वेळ आली. थोरलीच्या बेचक्यातून कापड सरकू लागलं. वकिलांनी श्वास रोखला. पडू द्यायची, सावरायची नाही, असं थोरली मनाशी घोकत होती.

चादर पडली नाही.

धाकटीची टोकं केव्हाच एका मुठीत गेली होती. ती पुढे आली, मोकळ्या हाताने सुटलेलं टोक हवेतच पकडून थोरलीच्या डाव्या मुठीत कोंबलं, वाकून खालची दुमड उचलली, आणि बघता बघता चौकोनी घडी टेबलावर पडली. कडेला कड.

वकिलांचा हात बटणाच्या जागी गेला.

"पाहिलंत साहेब," कंपनीचे वकील हसले. "दुकानात मिळणार नाही अशी घडी."

साहेबांनी घडीवरून बोट फिरवलं. मग धाकटीकडे पाहिलं.

"पुन्हा घाला. या वेळी तुम्ही फक्त तुमची टोकं धरायची. यांच्या टोकांना हात लावायचा नाही."

धाकटीने चादर उलगडली. थोरलीच्या डाव्या मुठीत एक टोक दिलं. दुसरं उजव्या बेचक्यात स्वतःच नीट बसवलं, आणि आपली टोकं घेऊन मागे सरकली. ताणायच्या आधीच ती थांबली.

"नुसती माझीच?"

"हो."

"मग ती खाली पडेल ना, साहेब."

मॅनेजरने घसा साफ केला. धाकटीचा हात केसांकडे गेला नाही. दोन्ही हात गुंतले होते.

"धुतलेली आहे," ती म्हणाली.

साहेबांनी एक कोपर उचललं आणि पेन घेतलं. दोन कागद भुरकन उडाले. शिपायाने ते उचलले. ते त्याच्या कामात बसत असावं.

"टोकं सोड आता," थोरली म्हणाली. डब्याला नाही, झाडूला नाही.

धाकटीने सोडली नाहीत.