लंगडा ठोका

मी मेट्रोनोम. आज मी तुमच्याशी बोलणार आहे, आणि आधीच सांगून ठेवतो, माझ्याकडून गोड काही ऐकायला मिळेल ही अपेक्षा ठेवू नका. वीतभर उंचीची लाकडी पेटी, खाली रुंद आणि वर निमुळती, असं माझं ध्यान. पोटात किल्लीची स्प्रिंग, पुढे पोलादी दांडी, दांडीवर एक सरकतं वजन. किल्ली दिली की दांडी डावीकडे-उजवीकडे झुलते आणि मी टक, टक, टक असा सारखा ठोका देतो. पियानो शिकणाऱ्याने त्या ठोक्याबरोबर वाजवायचं, घाई करायची नाही, रेंगाळायचं नाही. गाण्यातलं मला ओ की ठो कळत नाही. मला फक्त मोजता येतं.

माझा जन्म एका कारखान्यातल्या लांबलचक बाकावर झाला. शेवटी एक पोक्त बाई प्रत्येकाला कानाशी धरायची, डोळे मिटायची आणि दहा ठोके ऐकून मान हलवायची. माझ्या वेळी तिने मान हलवली आणि पेटीत घालताना शेजारणीला म्हणाली, "हा शहाणा आहे. फक्त सपाट जागी ठेवायला हवा." माझी एवढी एकच अट. जरा कुठे मी एका अंगाला कललो की दांडी एका बाजूला जास्त जाते आणि दुसऱ्या बाजूला कमी. मग टक, टक, टक असा सारखा ठोका पडत नाही. एक लांब आणि एक आखूड, असा मी चक्क लंगडतो.

तिथून मी आलो वाद्यांच्या दुकानात. काचेच्या कपाटात माझ्या एका बाजूला व्हायोलिनच्या तारांची पाकिटं, दुसऱ्या बाजूला नोटेशनची पुस्तकं. तिथे मी माणसं पाहिली. सोफ्याच्या रंगाला शोभेल असं गिटार मागणारे पाहिले. बासरी हातात न घेता आधी तिच्या पिशवीची चेन ओढून बघणारे पाहिले. मुलाला काय आवडतं हे सोडून सगळं विचारणारे आईबाप तर रोजचेच. दुकानदार बिचारा सगळ्यांना तोंड देत उभा असायचा.

एके दिवशी एक गृहस्थ आले. सोबत त्यांची मुलगी, अकरा वर्षांची, दोन वेण्या, सारखी बोटांनी स्वतःच्या मांडीवर काहीतरी वाजवणारी. घरात तिला सगळे बबडी म्हणायचे. गृहस्थ वजनमापं तपासणारे निरीक्षक होते. दुकानादुकानांत जाऊन वजनकाटे तपासायचे, खरा असेल त्यावर शिक्का मारायचा, खोटा असेल तो जागेवर बंद करायचा, हा त्यांचा धंदा. "माणसाचा भरवसा नाही, यंत्राचा आहे," हे वाक्य त्यांनी दुकानात पाऊल टाकल्यापासून दोनदा म्हटलं. नोटेशनची पुस्तकं त्यांनी जाडी बघून निवडली. जी जास्त जाड, ती चांगली. बबडीने एक पातळसं पुस्तक उचललं तर म्हणाले, "त्यात काय आहे? चार पानं." तिने ते मुकाट्याने परत ठेवलं.

मग त्यांनी मला उचललं. दुकानदार म्हणाला, "साहेब, याला तेवढं सपाट जागी ठेवा. अधूनमधून बघत जा."

"वीस वर्षं काटे तपासतोय," साहेब म्हणाले. "मला नका शिकवू."

खोटं कशाला बोलू, मला माणूस आवडला. म्हटलं, हा आपल्या जातीचा.

घरी त्यांनी बबडीसाठी घेतलेल्या पियानोच्या वर भिंतीला स्वतःच्या हाताने फळी ठोकली. मग पिशवीतून लेव्हल काढली, म्हणजे गवंडी-सुतारांकडे असते ती बुडबुड्याची पट्टी. बुडबुडा बरोबर मधोमध आल्यावर त्यांनी फळीच्या खालच्या बाजूला पेन्सिलने तारीख घातली आणि लिहिलं, "तपासले. मुदत एक वर्ष." काट्यांची मुदत वर्षाची असते म्हणून फळीचीही वर्षाची. बबडीची आई हसून म्हणाली, "अहो, घरात तरी शिक्के नका मारू." साहेब हसले नाहीत.

पहिले दोन महिने शिकवायला एक बाई यायच्या. तिसऱ्याच दिवशी त्यांनी माझी दांडी हळूच अडकवून ठेवली. "हिला हे लागत नाही," त्या म्हणाल्या. "हिच्या अंगातच लय आहे. मी इतकी वर्षं शिकवतेय, अशी मुलगी पाहिली नाही." आणि बबडीला संगीतशाळेत घालायचं त्यांनीच मनावर घेतलं. त्या शाळेत बारा पूर्ण व्हायच्या आत घेतात, नंतर नाही. बबडीच्या हातात एकच परीक्षा होती. बाईंनी अर्ज आणून दिला, तो तिने उशीखाली ठेवला आणि भरून होईपर्यंत त्यावरच डोकं ठेवून झोपली. तिला आयुष्यात दुसरं काही नकोच होतं.

यंत्र लागत नाही, हे साहेबांना झोंबलं. "कानाने कोणी वजन करतं का?" असं म्हणून त्यांनी बाईंना नारळ दिला. पुढचं सगळं पुस्तकांतून आणि माझ्याकडून शिकायचं ठरलं. साहेबांना स्वतःला गाण्याचा कान बेताचाच, पण माझी टकटक चालू आहे आणि मुलगी बसलेली आहे, एवढं त्यांना पुरे होतं. पुस्तकं मात्र येत राहिली. दर महिन्याला एक, जाडजूड, आणि सगळी फळीच्या उजव्या टोकाला.

चौथ्या महिन्यात उजवीकडचा खिळा भिंतीतून जरासा सुटला. करंगळीच्या नखाएवढी फळी खाली गेली. डोळ्यांना काही दिसेना. पण मी डावीकडून उजवीकडे कललो आणि त्या दिवसापासून लंगडायला लागलो. मला कळत होतं. काय करणार? तोंड नाही, हात नाही, सरकताही येत नाही. किल्ली दिली की ठोका द्यायचा, मग तो कसाही पडो.

बबडीला पहिल्याच मिनिटात कळलं. तिने हात थांबवले, वर बघितलं आणि म्हणाली, "बाबा, हा लंगडतोय."

"कोण?"

"हा. एक मोठा पडतो, एक छोटा. फळी उतरलीय बहुतेक."

साहेब पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "फळी मी तपासलीय. अजून आठ महिने मुदत आहे."

"पण बाबा, ऐका ना तुम्ही."

"यंत्र चुकतं आणि तू बरोबर, असं म्हणायचंय तुला?"

दुसऱ्या दिवशी तिने परत सांगितलं, तिसऱ्या दिवशी परत. चौथ्या दिवशी तिने माझ्याखाली कागदाची घडी सारली. मी क्षणभर सरळ झालो. काय सुख वाटलं म्हणून सांगू. साहेबांनी ती घडी पाहिली आणि काढून टाकली. तपासलेल्या यंत्राशी छेडछाड करणाऱ्या दुकानदारांना ते कसं बोलत, ते त्या दिवशी मला ऐकायला मिळालं. बबडीला कान धरून अर्धा तास उभं केलं.

मग त्यांनी एक उपाय काढला. माझ्या ठोक्यावर खोलीभर चालायचं. लय पायात उतरली की हातात येईल, असं त्यांनी कुठल्याशा जाड पुस्तकात वाचलं होतं. बबडी चालायला लागली. आता ही पोरगी कशी होती, तर ठोका सांगेल तसं केसभर न चुकता पाऊल टाकणारी. माझा ठोका लंगडा, म्हणून तीही लंगडायला लागली. एक पाऊल लांब, एक आखूड. खोलीतल्या खोलीत चकरा मारत, माझ्याशी तंतोतंत.

साहेब बघत राहिले. मग उठले आणि तिच्या थोबाडीत दिली. "मला वेडावून दाखवतेस?"

आई स्वयंपाकघरातून धावत आली. "अहो, लहान आहे ती."

"लहान? नाटकं बघ तिची. सरळ चाल म्हटलं तर लंगडून दाखवते."

बबडी रडली नाही. गालावर हात ठेवून माझ्याकडे बघत राहिली. त्या नजरेत राग असता तर मला बरं वाटलं असतं. पण ती विचार करत होती. एवढे मोठे बाबा, एवढं तपासलेलं यंत्र, आणि मी एकटीच वेगळं ऐकतेय. म्हणजे बिघडलंय ते माझ्याच कानात. अकरा वर्षांच्या मुलीने दुसरा काय निष्कर्ष काढायचा?

त्या दिवसापासून ती माझ्याबरोबर वाजवायला शिकली. आधी जड गेलं, कारण तिच्या अंगातली लय सरळ होती आणि ती मोडायची होती. रोज दोन तास ती बसायची आणि रोज थोडी थोडी मोडायची. पाच महिने लागले. शेवटी शेवटी तिची बोटं माझ्याशी इतकी जुळली की दोघं मिळून एकच आवाज यायचा. साहेब खूश झाले. आईला म्हणाले, "बघितलंस? शिस्त लागते." आणि मी, मी तिला लंगडी करत होतो आणि टक टक करत होतो. माझ्याइतका नीच शिक्षक तुम्हाला शोधून सापडणार नाही.

अकराव्या महिन्यात परीक्षा आली. तिथे मेट्रोनोमबरोबर एक धडा वाजवायचा होता. साहेब म्हणाले, "त्यांचं यंत्र कशाला? आपलं तपासलेलं आहे." मला टॉवेलात गुंडाळून नेलं. परीक्षकांच्या टेबलावर मला ठेवलं आणि किल्ली दिली.

टेबल सपाट होतं.

टक, टक, टक, टक. सात महिन्यांनी मी सरळ बोललो. त्या ठोक्याबरोबर बबडीने सुरुवात केली आणि चार-चार ठोक्यांच्या तिसऱ्याच मापाला ती माझ्यावर आदळली. ती लांब धरायची तिथे मी पुढे गेलेलो असायचो. ती आखूड करायची तिथे मी अजून आलेलो नसायचो. ती थांबली, पुन्हा सुरू झाली, पुन्हा आदळली. मी देवाची करुणा भाकत होतो की कोणीतरी मला धक्का द्या, टेबलाचा एक पाय उचला, मला एकदा शेवटचं लंगडू द्या. पण मी शहाणा, सरळ, कारखान्यातल्या बाईंनी मान हलवून पसंत केलेला. बबडीच्या कपाळावरचा घाम पियानोच्या पट्ट्यांवर पडला. चौथ्यांदा आदळल्यावर तिने हात मांडीवर ठेवले.

परीक्षक बाई मऊ आवाजात साहेबांना म्हणाल्या, "बोटं छान आहेत हो. पण लय लंगडी आहे. हे मुळातलंच असतं, शिकवून जात नाही."

घरी परतताना बबडी म्हणाली, "बाबा, आज तो सरळ वाजत होता."

"तो रोजच सरळ वाजतो," साहेब म्हणाले.

पुढच्या महिन्यात फळीची मुदत संपली. साहेब नेमाचे पक्के. त्या तारखेला दुपारी त्यांनी लेव्हल काढली आणि फळीवर ठेवली. बुडबुडा सरळ डाव्या टोकाला जाऊन बसला. त्यांनी पट्टी उलटी करून पाहिली. मग मला किल्ली दिली आणि दांडीकडे बघत राहिले. एका बाजूला जास्त, एका बाजूला कमी. कान नसला तरी डोळे होते. मग मला जमिनीवर ठेवलं, लेव्हल लावून. पुन्हा फळीवर. पुन्हा जमिनीवर. तीन वेळा, नियमाप्रमाणे. तिसऱ्या वेळेनंतर ते जमिनीवरच बसून राहिले.

आई दारात येऊन म्हणाली, "काय झालं?"

त्यांनी सांगितलं. काही न लपवता सांगितलं, एवढं त्यांच्या बाजूने म्हणायला हवं. आईने तोंडावर पदर धरला. मग ती म्हणाली, "तिला सांगायला हवं."

"सांगून काय होणार? शाळा परत घेणार आहे तिला?" साहेब म्हणाले. "आणि मग ती माझ्याकडे कशी बघेल?"

साहेबांनी फळी काढली, भोकं बुजवली आणि वरून रंग दिला.

संध्याकाळी तिघं जेवायला बसले. मला तेवढं कोपऱ्यातल्या स्टुलावर ठेवलं होतं. साहेब ताटातला भात नुसता चिवडत होते. बबडीने ते पाहिलं आणि तिला वाटलं, बाबांना आपल्या नापास होण्याचा घोर लागलाय. ती म्हणाली, "बाबा, तुम्ही माझ्यासाठी एवढं केलंत. माझ्याच अंगात नव्हतं. आणि मी उगीच फळीला नावं ठेवली. चुकलं माझं."

आईने साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी पाण्याचा एक घोट घेतला.

"जाऊ दे," ते म्हणाले. "पुन्हा असं करू नकोस."

"नाही करणार," ती म्हणाली.

पियानो आठवड्याभरात विकला. मला कपाटात टाकलं आणि तिथे मी वर्षानुवर्षं पडून राहिलो. साहेब गेले, मग आईही गेली. दोघांपैकी कोणीही शेवटपर्यंत ब्र काढला नाही. मागच्या महिन्यात घर आवरताना बबडीनेच मला बाहेर काढलं आणि या जुन्या वाद्यांच्या दुकानात आणलं. केस पिकायला लागलेत तिचे. दोन गल्ल्या सोडून चष्म्याच्या दुकानात लोकांचे नंबर तपासते म्हणे. बोटं आता मांडीवर काही वाजवत नाहीत. दुकानदाराने मला काउंटरवर ठेवलं, किल्ली दिली आणि डोळे मिटून ऐकलं.

"एकदम सरळ आहे हो अजून," तो म्हणाला.

"हो," ती म्हणाली. "तो नेहमीच सरळ होता." आणि पिशवी घेऊन निघून गेली.

तेव्हापासून मी इथे आहे. मला घरी न्यायचं तर न्या, नाहीतर राहू द्या, माझं काही अडत नाही. माझं मागणं एकच आहे. चष्म्याच्या त्या दुकानात जा. ती तुमच्या डोळ्यांसमोर काच धरेल आणि नीट दिसतंय का म्हणून विचारेल. तेव्हा तिला सांगा की पहिल्या दिवशी ती म्हणाली तेच खरं होतं, मीच लंगडत होतो. हे माहीत असलेली माणसं आता जिवंत नाहीत, आणि माझ्या तोंडून टक टक सोडून काही निघत नाही.