जेठाला विचारलेला प्रश्न

नूतनने नोटीस टेबलावर आपटली, तसा वीरसिंगच्या कपातला चहा बशीत सांडला.

"चार वाजता सभा. अध्यक्षाला काढा म्हणून पहिली सही कुणाची? माझ्याच जेठाची, ह्यांच्या थोरल्या भावाची, अमृतभाऊंची!"

शहाद्याच्या स्टँडमागच्या त्या खोलीत महिन्यातून एकदा चौघं जमत. नूतन प्रकाशा गावातल्या केळी उत्पादक कंपनीची अध्यक्ष. रूपचंद दूध सोसायटीचा चेअरमन. वीरसिंग तळोद्याकडच्या डोंगरातल्या सीताफळवाल्यांचा म्होरक्या. आणि चारुलताबाई, कॉलेजातून निवृत्त झाल्यावर असल्या पुढाऱ्यांना शहाणं करण्याचा उद्योग त्यांनी मागे लावून घेतला होता. नियम एकच. ज्याची अडचण, त्याला बाकीच्यांनी फक्त प्रश्न विचारायचे, सल्ला द्यायचा नाही. रूपचंदच्या हा नियम भारी जिवावर येई.

"मी काय म्हणतो ताई, त्या अमृतची चार माणसं फोडा—"

"प्रश्न, रूपचंदभाऊ," चारुलताबाई म्हणाल्या.

त्याने मुकाट्याने बिस्कीट उचललं.

"ते एवढे कशावरून चिडलेत?" बाईंनी विचारलं.

नूतनने सांगून टाकलं. कुणाचा बाग आधी कापायचा हे तीच ठरवायची. अमृतभाऊंचा तिने मुद्दाम शेवटी ठेवला. घरच्यांचा आधी कापला तर गाव तोंडात शेण घालेल! पण ऊन असं पेटलं की सगळे घड झाडावरच पिकले. पिकलेला माल वाटेत टिकत नाही म्हणून व्यापाऱ्याने एक फणीसुद्धा गाडीत चढू दिली नाही. वर्षाची मेहनत बकऱ्यांनी खाल्ली.

"वाईट मलाही वाटलं हो. पण बाग तयार आहे, हे सांगायला त्यांच्या तोंडाला काय कुलूप होतं?"

वीरसिंग इतका वेळ बशीतला चहा पीत होता.

"ताई, तू त्याले इचारं व्हतं का?"

"विचारलं की. ह्यांच्याकडून."

"तू सोता?"

नूतन हसलीच. "जेठाशी बोलू? सतरा वर्षं झाली लग्नाला. आमच्यात सून पदर पुढे ओढते आणि बाजूला होते."

"मग सभेत?" रूपचंदच्या तोंडून चक्क प्रश्न निघाला.

"ते ह्यांना सांगतात, हे मला सांगतात."

"आणि मगनभाऊ सगळं सांगतात?" चारुलताबाईंनी विचारलं.

नूतनचा नवरा मगन म्हणजे देवमाणूस. घरात भांडण नको म्हणून अर्धं गिळणार आणि उरलेलं गोड करून सांगणार. नूतनने नोटीस घडी घालून पिशवीत टाकली आणि प्रकाशाची बस धरली.

चार वाजता सभागृह गच्च भरलं होतं. पुढच्या ओळीत सासूबाई तापीबाई, शेजारी मगन. अमृतने नोटीस वाचली आणि सवयीने भावाकडे वळला.

"मगन, इले सांग, खुर्ची सोड म्हना."

मगन उठला. नूतनने हात वर करून त्याला थांबवलं आणि स्वतः उभी राहिली. डोक्यावरचा पदर तिने तसाच राहू दिला.

"भाऊ," ती म्हणाली.

"अरे देवा!" तापीबाईंनी तोंडावर हात ठेवला.

"तुमचा बाग कधी तयार झाला होता?"

पुढे सफाई द्यायला शंभर वाक्यं तिच्या ओठांवर आली. शहाद्याच्या खोलीतला नियम तिने इथेही पाळला. अमृतने मगनकडे पाहिलं. मगन आपल्या चपलांकडे पाहत होता.

"आखाजीना दुसरा दिन," अमृत भिंतीकडे बघत म्हणाला. म्हणजे अक्षय्यतृतीया सरताच बाग तयार होता. "तीनदा सांगं व्हतं. तीनदा!"

"माझ्यापर्यंत एकदाही आलं नाही," नूतन म्हणाली. "पण चूक माझीच, भाऊ. मी तुम्हाला विचारायला हवं होतं. बागेत येऊन बघायला हवं होतं. आता मत घ्यायचं तर घ्या."

मगन गडबडीने पुढे झाला, भावाकडे वळला.

"भाऊ, ती म्हनस की—"

अमृतच्या हातात नोटीस तशीच होती. त्याने भिंतीवरून नजर काढली आणि पहिल्यांदाच सरळ नूतनकडे पाहिलं.

"मगन, तू बठ," तो म्हणाला. "मी इन्हासंगे बोली ऱ्हायनू."