धाकटीच्या मशीनवर चालतं

माझा प्रोग्राम माझ्या मशीनवर कोसळायचा आणि धाकट्या जावेच्या मशीनवर गुण्यागोविंदाने चालायचा. आमच्या धंद्यात याहून मोठा अपमान नाही.

आम्ही दोघी एकाच ऑफिसात. मी आधी लागले. पुस्तकं वाचून, धडपडून कोडिंग शिकलेली. ती मागून आली, डिग्री घेऊन, आणि आल्या दिवसापासून सगळ्यांची लाडकी. घरी सासूबाईंची, इथे साहेबांची. माणसाने निदान एका ठिकाणी तरी नावडतं असावं की नाही?

माझ्या प्रोग्रामचं काम साधं. कंपनीचा कोड वाचायचा, प्रत्येक फंक्शनच्या, म्हणजे कोडच्या एकेका तुकड्याच्या, डोक्यावर लिहिलेली टीप उचलायची आणि त्या टिपांमधून गिऱ्हाइकासाठी माहितीपुस्तिका तयार करायची. कोड तो स्वतः वाचत नाही, कोड मशीनच्या भाषेत उतरवणाऱ्या कंपायलरच्या टूलकिटकडून वाचून घेतो. या टूलकिटच्या तीन आवृत्त्या वापरात आहेत. जुन्या आवृत्तीवर माझा प्रोग्राम नीट चालायचा, मधलीवर लहर लागली तर, आणि नव्या आवृत्तीवर सुरू होताच आडवा.

"शुक्रवारपर्यंत तिन्हींवर चालला पाहिजे," साहेब म्हणाले. "नाहीतर बाजारातला तयार प्रोग्राम घेऊ. धाकट्या मॅडमनी एक बघून ठेवलाय."

बघून ठेवलाय! मी धडधाकट जिवंत असताना माझ्या नवऱ्यासाठी दुसरी बघून ठेवावी, तसं.

"ताई, माझ्याकडे तर चालतोय हो," जाऊ म्हणाली. "तिन्हींवर." चेहरा असा, की जन्मात कुणाचं वाईट चिंतलं नाही.

घरी हे सांगण्याची चूक केली. नवरा म्हणाला, "तुझंच पोर ना ते? मग काकूकडेच कसं शहाण्यासारखं वागतं?"

"जेवा गुपचूप," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी मी तिन्ही टूलकिटं मशीनवरून झाडून काढली आणि प्रत्येक नव्याने, आपापल्या वेगळ्या फोल्डरात बसवली. एकीचं सामान दुसरीच्या खोलीत गेलं असेल, म्हणून भांडण होत असेल, असं वाटलं. आम्हाला त्याचा अनुभव दांडगा. पण छे! तीच ओळ, तिथेच ठेच. मग मनात पाल चुकचुकली. हिनेच माझ्या प्रोग्रामला हात लावला असणार, न सांगता.

दिराचा फोन आला म्हणून ती गॅलरीत गेली. मी तिचं अख्खं फोल्डर माझ्या मशीनवर उतरवून घेतलं. माझंच काम तिच्याकडे कसं नांदतंय हे बघायचा मला हक्क आहे, अशी स्वतःची समजूतही घातली. प्रोग्राम चालवला. तिन्ही आवृत्त्यांवर चालला, माझ्या मशीनवर!

म्हणजे मशीन निर्दोष, टूलकिटंही निर्दोष. दोन्ही फोल्डरं शेजारी ठेवून ताडून पाहिली. प्रोग्राम अक्षरन्‌अक्षर माझाच होता. फरक होता तो त्याला वाचायला दिलेल्या कोडमध्ये. तिच्याकडे झाडून सगळ्या फंक्शनांवर टिपा होत्या. माझ्याकडे, मी लिहिलेली फंक्शनं तेवढी बोडकी. टिपांची पुस्तिका करणारा प्रोग्राम लिहिणाऱ्या बाईने स्वतः एक टीप लिहिली नव्हती. मला सगळं पाठ, लिहायचं कुणासाठी?

मग कोडं सुटायला वेळ लागला नाही. टीप नसली की जुनं टूलकिट रिकामी ताटली पुढे करायचं. मधलं कधी ताटली द्यायचं, कधी विसरायचं. नवं काहीच देत नाही, आणि माझा प्रोग्राम नसलेली ताटली उचलायला जाऊन तोंडावर पडायचा. 'आधी ताटली आहे का बघ' एवढी एक ओळ घातली. माझ्या बोडक्या कोडवरही तो तिन्ही ठिकाणी चालला.

जिंकले होते. तशीच उठून साहेबांकडे गेले असते तर टिपांचं कुणाला कळलंही नसतं. पण मी त्या वाचायला लागले होते.

माझ्या एका फंक्शनवर तिने लिहिलं होतं: 'हे उलट्या क्रमाने चालतं. सरळ करायचा मोह होईल. करू नका. मी केलं, सगळं मोडलं. ताईंनी विचार करून लिहिलंय.'

विचार कसला? तेव्हा जे जमलं ते ठेवलं होतं. पण तिने कारण शोधून काढलं होतं, आणि ते बरोबर होतं. माझं काम माझ्यापेक्षा तिला चांगलं सांगता येत होतं. इतकी वर्षं तिच्या साड्यांचा, केसांचा, सासूबाईंनी तिला दिलेल्या खोलीचा हेवा केला. सगळा फुकट गेला म्हणायचा. खरा हेवा हा.

"ताई..." ती मागे येऊन उभी होती. "मी सांगणारच होते. तुम्ही चिडाल म्हणून टिपा माझ्याच प्रतीत ठेवल्या, सगळ्यांच्या कोडमध्ये टाकल्या नाहीत."

"तयार प्रोग्राम बघून ठेवताना बरी भीती वाटली नाही!"

"साहेबांनी विचारलं, मी नाव सांगितलं. तुमचा चालला नसता तर गिऱ्हाईक थांबलं असतं का?"

खरं बोलणारी माणसं फार त्रासदायक.

"कधी लिहिलंस हे सगळं?"

"आल्यापासून लिहितेय. तुमचा कोड वाचूनच तर इथलं शिकले. तुम्ही कुठे काही सांगत होतात!"

मी स्क्रीनकडे तोंड फिरवलं, आणि तेवढ्यात दिसलं. एक टीप चुकली होती! माझ्या अंगात असा काही हुरूप आला म्हणून सांगू!

"हे चूक आहे."

"कुठे?" तिने खुर्ची ओढली.

"इथे. हे नावाने क्रम लावत नाही, तारखेने लावतं."

"मग तसं लिहा ना तुम्ही."

"मी कशाला? टीप तुझी, निस्तर तू."

तिने वाकून दोन ओळी लिहिल्या. मी वाचल्या. माझ्याच्याने तशा झाल्या नसत्या.

दारातून साहेबांनी डोकं घातलं. "काय मॅडम, चालला का?"

"चालला. तिन्हींवर," मी म्हटलं. "आणि टिपा हिच्या आहेत. पुस्तिकेवर हिचंही नाव घाला."

जाऊ माझ्याकडे बघतच राहिली.

"माझ्या खाली," मी म्हटलं.