पाखरांची वही

माझ्या नवऱ्यासारखा सरळ माणूस आमच्या बौद्धांच्या टोलीत, त्या साऱ्या वस्तीत, दुसरा नव्हता, आणि सरळ माणसाशी संसार करणं काय असतं ते मला विचारा. हे गोंदियाला एका छापखान्यात कामाला होते. सकाळी सौंदडहून गाडी पकडायची, दिवेलागणीनंतर घरी. बिडी नाही, सुपारी नाही, आणि खोटं तर थट्टेतसुद्धा नाही. दर रविवारी विहारात त्रिशरण-पंचशील हेच पुढे बसून म्हणायचे आणि मागून आम्ही सगळे. पाचही शिलं यांनी अंगात भिनवून घेतली होती. माझ्या अंगात मात्र जागा कमी पडत असावी.

२००५ च्या नवरात्रातली गोष्ट. आमची रीना तिसरीत होती. शाळेत शारदा उत्सव होता आणि आवाज गोड म्हणून बाईंनी तिला सगळ्यांत पुढे उभं केलं होतं. गाणं म्हणून ती घरी आली ती कपाळावर कुंकू आणि मुठीत खोबरं घेऊन. इतकी खूश की चप्पल काढायचीही विसरली. नेमके हे त्या दिवशी घरी होते. ओरडले नाहीत. ओरडायचा यांचा स्वभावच नाही. तिला न्हाणीवर नेलं, दुपट्ट्याचं टोक भिजवलं आणि कपाळ पुसलं.

"पुसून काऊन राहिले, बाबा?" ती विचारत राहिली.

दुसऱ्या दिवशी गाडी सोडून हे शाळेत गेले. हेडमास्तर रेवाराम गुरुजी शेजारच्या गावचे पवार, वयाने मोठे, बोलायला मोकळे.

"लहान लेकरू हाय, चंदूभाऊ," गुरुजी म्हणाले. "खोबऱ्याचा तुकडा खाल्ला त काय धरम बुडला?"

"तुमचा नाई बुडला, गुरुजी. माह्या बापानं हे सारं सोडलं तवा त्याले गावानं काय काय भोगाले लावलं, ते मले मालूम हाय. उद्यापासून माही पोरगी घरी शिकल."

टोलीत हे कोणालाच पटलं नाही. विहारात सगळ्यांत मान सुशिलाबाईंना, त्या छप्पन साली बापाच्या खांद्यावर बसून नागपूरला दीक्षेला जाऊन आलेल्या. त्या तडक आमच्या अंगणात आल्या. "बाबासाहेब वर्गाच्या बाहेर बसून शिकले, अना तू शिकत्या पोरीले वर्गातून बाहेर काढून राहिला?" हे मान खाली घालून ऐकत राहिले. पण निर्णय काही बदलला नाही.

यांनी शिकवलं मात्र मन लावून, ते मला कबूल करावंच लागेल. पहाटे पाच ते सात, पुन्हा जेवणाआधी तासभर. छापखान्यातल्या बाद लग्नपत्रिका आणायच्या, वरचा गणपती कात्रीने कापून टाकायचा आणि मागच्या कोऱ्या बाजूवर गणितं लिहायची. "छापाले चालते, घरी आनाले नाई चालत काय जी?" असं मी एकदा चिडवलं तर दोन दिवस अबोला धरला होता.

पण सातनंतरचा सारा दिवस? अकरा वाजता टोलीतली पोरं दप्तरं घेऊन निघाली की रीना उंबऱ्यात येऊन बसायची. शाळेची प्रार्थना वाऱ्यावर ऐकू यायची तेव्हा तिचे ओठ हलायचे. आठव्या दिवशी तिने मला विचारलं, "आई, हजेरीत माहं नाव घेत असतील का गं?"

मला राहवलं नाही. नवरा चांगला, त्याचं म्हणणंही खोटं नव्हतं, पण पोरीने त्यात काय केलं होतं? मी तिची वेणी घातली, हात धरला आणि बोडीच्या, म्हणजे गावतळ्याच्या, पाळीवरून, मागच्या वाटेने तिला शाळेत घेऊन गेले. गुरुजींनी माझ्याकडे पाहिलं, हजेरीचं रजिस्टर उघडलं.

"नाव काटाले बापाचा अर्ज लागते," ते म्हणाले. "अर्ज त काही आला नाई. बस, बाई, जागेवर."

असं ते सुरू झालं. आता यांना सांगायचं काय? एक गोष्ट माझ्या हाताशी होती. लहानपणापासून मला गरी टाकायचा छंद. पाण्यात गळ सोडून तासभर गप्प बसायचं, मासोळी लागली तर लागली. जीव मारू नये हे पहिलंच शील, त्यामुळे यांना ते कधी आवडलं नाही. पण लग्नानंतर आमचा समझोता झाला होता. पावसाळ्यातले वर्षावासाचे तीन महिने गरी बंद, एरवी यांच्या डोळ्यांआड. मी यांना म्हटलं, "पोरगी दिवसभर घरात कोमेजते. दुपारी बोडीवर घेऊन जात जाऊ का?"

यांनी बराच विचार केला. "ने. पन तिच्या हाती गरी देऊ नोको. तिले पाखरं पाहू दे. जे पाहिलं ते तिनं लिहून ठेवावं."

आणि चार दिवसांनी छापखान्यातून एक वही आली. स्वतःच्या हाताने शिवलेली, जाड पुठ्ठ्याची. वर टपोऱ्या अक्षरात छापलेलं: 'माझी पाखरे. कु. रीना चंद्रशेखर रामटेके. घरची शाळा.' 

वही तर भरायला हवी. मग रीना वर्गात आणि मी बोडीवर. शेतातलं रोवण्याचं, निंदणाचं काम आटोपून दुपारी तासभर पाळीवर जायचं, आणि गळाकडे कमी, पाखरांकडे जास्त बघायचं. तोवर मला बगळा म्हणजे बगळा एवढंच ठाऊक होतं. हळूहळू खंड्या कळला, पाणकावळा कळला, बुडी मारून भलतीकडेच वर येणारी टिबुकली कळली. बाजूच्या धानाच्या बांधीत सारसांची एक जोडी यायची. संध्याकाळी मी चुलीशी भाकरी करत सांगायची आणि हे यायच्या आत रीना लिहून काढायची.

ती माझ्यापेक्षा चांगलं लिहायची. मी सांगितलं होतं, "दोन सारस होते, नर लय उंच." तिने लिहिलं: 'आज दोन सारस पाहिले. नर उंच होता. तो मान वाकवून मादीजवळ उभा होता, जणू तिचे ऐकत होता.'

"मान वाकवली हे तुले कोनं सांगितलं?"

"उंच हाय त वाकवनच ना, आई."

मी खो खो हसले. हसायला नको होतं, हे आज कळतं.

हे घरी येऊन हातपाय धुवायचे आणि आधी वही मागायचे. दिव्यापाशी बसून प्रत्येक पान वाचायचे. सारसाचं पान तर यांनी छापखान्यात नेऊन सगळ्यांना दाखवलं. "माह्या पोरीची नजर पाहा," म्हणाले. सांगताना यांचा चेहरा असा फुललेला की मला भाकरी थापता थापता मान वर करवेना.

साऱ्या टोलीला माहीत होतं, फक्त यांना नव्हतं. कोणीही तोंड उघडलं नाही. पोर शाळेत जाते आहे ना, मग चांगलंच आहे, असा सगळ्यांचा हिशेब. रविवारी विहारात हे चौथं शील म्हणायचे, खोटं बोलण्यापासून दूर राहण्याचं, तेव्हा मागच्या बायकांचा आवाज एकदम बारीक व्हायचा. सुशिलाबाईंना तर नेमका तेव्हाच खोकला यायचा.

दोन वर्षं निघाली. रीना पाचवीत गेली आणि सप्टेंबरात हे नवोदयच्या परीक्षेचा फॉर्म घेऊन आले. पोरगी नवेगावबांधच्या निवासी शाळेत जावी, पुढे खूप शिकावी, एवढं एकच स्वप्न यांनी त्या पहाटेच्या दिव्याखाली जपलं होतं. सुंदर अक्षरात पहिलं पान भरलं. पान उलटलं आणि हात थांबला. तिथे हेडमास्तरांचा दाखला होता: विद्यार्थ्याने तिसरी, चौथी पूर्ण वर्षभर मान्यताप्राप्त शाळेत केली आहे आणि आता पाचवीत शिकत आहे.

"मीच केलं हे," हे म्हणाले. "माह्या हातानं पोरीचं नुकसान केलं." यांच्या डोळ्यांत पाणी मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

तेव्हाच सांगून टाकायला हवं होतं. पण सवय लागली की जीभ आपोआप वळसा घेते. "गुरुजीले विचारून त पाहा," मी म्हटलं. "नाव असल पटावर."

"नाव असल, पन पोरगी नव्हती. खोट्या सहीवर माही पोरगी परीक्षेले नाई बसनार." फॉर्मची घडी घालून तो यांनी ग्रंथांच्या मागे ठेवून दिला.

शेवटच्या तारखेला चार दिवस होते. दोन दिवस मला जेवण गोड लागलं नाही. गप्प राहिले तर पोरीची परीक्षा जाणार, बोलले तर नवऱ्याचा विश्वास. तिसऱ्या दिवशी सकाळी मी यांचा डबा भरलाच नाही.

"आज गाडी सोडा," म्हटलं. "फॉर्म घ्या अना माह्यासंगं शाळेत चला."

अकराचे टोल पडून गेले होते. वऱ्हांड्यातून जाताना पाचवीच्या वर्गाचं दार उघडं होतं. तिसऱ्या रांगेत रीना बसली होती. बापाला पाहून ती हातातल्या पेन्सिलीसकट उभी राहिली. हे दारातच थबकले. गुरुजींनी तिन्ही वर्षांची रजिस्टरं आणून टेबलावर मांडली.

"सही खरी राहील, चंदूभाऊ. सुरुवातीचे आठ दिवस सोडले त पोरगी बराबर येऊन राहिली. एकही हजेरी खोटी नाई."

यांनी आधी रजिस्टराकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "कधीपासून?"

"दोन वर्षं झाले," मी म्हणाले.

यांनी रजिस्टर मिटवलं. मग एवढंच विचारलं, "अना पाखरं?"

"मी पाहिली. तिनं लिहिली."

यांनी फॉर्म गुरुजींपुढे केला. गुरुजींनी सही केली, शिक्का मारला. 'वरील माहिती खरी आहे' या ओळीखाली यांनी स्वतःची सही केली आणि घराकडे चालू लागले. मी दहा पावलं मागे. एकदा तरी मागे वळून शिवी द्यावी असं मला वाटत होतं. ओरडणारा नवरा असता तर बरं झालं असतं.

त्या रविवारपासून विहारात हे पुढे बसले नाहीत. शेवटच्या ओळीत भिंतीला टेकले आणि सुशिलाबाईंना म्हणाले, "आता तुम्ही म्हना." कारण कोणी विचारलं नाही. रीनाला यांनी एका शब्दाने दुखवलं नाही; परीक्षेपर्यंत पहाटेचा अभ्यास तसाच चालू ठेवला. वही मात्र पुन्हा मागितली नाही. मी गरी छपरात खोचून ठेवली, ती तिथेच राहिली.

रीना पास झाली. पुढच्या जुलैत आम्ही तिला नवेगावबांधला पोचवून आलो. पेटी खाटेखाली सरकवून ती आमच्यासोबत फाटकापर्यंत आली आणि हसत हात हलवला. एक टिपूस नाही. खंबीर आहे पोरगी, असं मी बसमध्ये यांना म्हणालेसुद्धा.

महिन्याने पत्र आलं. अंगणात पाऊस पडत होता. हे पडवीत बसून मोठ्याने वाचू लागले आणि मी तांदूळ निवडत ऐकत होते.

'ती. आई-बाबांना सप्रेम जय भीम. मी इथे मजेत आहे. जेवण चांगले आहे. मला पुष्कळ मैत्रिणी झाल्या आहेत. घरची आठवण येत नाही. तुम्ही काळजी करू नका. काल आम्हाला तलावावर नेले होते. तिथे दोन सारस पाहिले. नर उंच होता. तो मान वाकवून मादीजवळ उभा होता...'

हे थांबले. उठून आत गेले. घरातल्या पेटीच्या तळातून वही काढून आणली आणि पानं उलटत सारसाच्या पानावर आले. पत्र त्याच्या शेजारी धरलं. मी हातातलं सूप खाली ठेवून वाकून पाहिलं. दोन्हीकडे तेच अक्षर आणि तीच वाक्यं, शेवटच्या 'जणू तिचे ऐकत होता'पर्यंत.

"खरंच दिसले असतील," मी म्हणाले. "तलाव हाय तिथं."

"अलका, यातलं कोनतं खरं धरू?"

जेवण, मैत्रिणी, मजा, सगळ्या ओळींवरून माझी नजर फिरली. एकच गोष्ट, एकाच माणसापासून, तीही पोरीच्या भल्यासाठी लपवली, असं मी इतके दिवस स्वतःला समजावत आले होते. पोरगी मात्र एवढं मोजून शिकली नव्हती. आपल्या माणसाला वाईट वाटू नये म्हणून काय लिहायचं असतं, ते ती माझ्या चुलीशी बसून शिकली होती. 

"उद्या गाडीले नाई जात," हे म्हणाले. "सकाळच्या बसनं नवेगावले जाऊ. दोघंही जाऊ."

वर्षभरात 'दोघं' हा शब्द यांच्या तोंडून मी ऐकला नव्हता. मी उठून मुरमुऱ्याचे लाडू करायला घेतले. गूळ कढईत टाकला आणि मनात ठरवत राहिले, तिला जवळ घेईन, विचारेन, खरं सांग बाई, कसं वाटते इथं.

ती फाटकाशी धावत येईल. लाडू पाहून हसेल. आणि म्हणेल, "मी बरी आहो, आई." आणि ते खरं की खोटं, मला ओळखता येणार नाही.